खिसा

चेहरा त्यांनी पुसला होता.
पुसला म्हणजे, ताटात वड्या पाडाव्यात
तसे चौकोन पाडले होते
कपाळापासून हनुवटीपर्यंत.
बाकी सगळं जिथल्या तिथे:
हातात नवं दप्तर, शेजारी देणगीदारांचं हसू,
मागच्या बॅनरवर आमच्या बालगृहाचं नाव, पत्ता, पिनकोडसकट,
आणि फ्रॉकच्या खिशावर मासा.

मासा मीच शिवलेला.
बुधवारी आणि शनिवारी मी तिथे शिवण शिकवते
(मानधन चार-चार महिने येत नाही, तो विषय वेगळा).
वर्षाला कापडाचा एकच तागा. तेहतीस मुली,
तेहतीस पाठींवर एकच चौकडा.
त्यातली एक म्हणाली, बाई,
माझा कुठला ते मला न बघता कळलं पाहिजे.
तेव्हा रविवार पेठेतल्या चिंध्यांमधून
तिला एक मासा कापून दिला.
डोळ्याला बटण.
झोपेतसुद्धा अंगठ्यानं तो डोळा चाचपायची.

फोटो आला रविवारी, पुणे पुरवणी, पान चार.
सोमवारी मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारलं,
तू अनाथ आहेस ना गं?
ती नाही म्हणाली, आणि ते खरंच आहे.
आई आहे तिची. कुठे आहे ते फाइलीत आहे,
फाइल आगाशे मॅडमच्या कपाटात,
कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये,
पर्स त्या जेवतानाही मांडीवर ठेवतात.

गुरुवारी एक माणूस आला.
समितीपुढच्या तारखेला तो समोरच्या बाकावर होता,
तिच्याकडे बघायची त्याला मनाई होती,
म्हणून खिशाकडे बघत बसला असणार.
गेटवर लोंढ्यांना त्यानं कात्रण दाखवलं.
माशाभोवती बॉलपेननं गोल,
इतका दाबून काढलेला
की कागद मागून फुगला होता.
लोंढे म्हणाले, इथे असली कुणी नाही.
चहाचे दोन रुपये जास्त झाले तर परत आणून देणारा माणूस.
नंतर बराच वेळ गेटची कडी
पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिले.

मॅडमनी पेपरला पत्र लिहिलं,
कलम चौऱ्याहत्तर, खाली लाल रेघ.
उत्तर आलं दोन ओळींचं:
आम्ही चेहरा दाखवलेला नाही.

मानेवरून, पायांवरून, उभं राहण्यावरून
मी माझी पोरगी भर मंडईत ओळखते.
चेहरा काय, तो सगळ्यात शेवटी वळतो.

शनिवारी ती मशीनपाशी आली.
मासा काढा, म्हणाली.
ब्लेडनं एकेक टाका उसवला.
फ्रॉक धुऊन धुऊन विटलेला,
माशाखालचं कापड मात्र ताज्या रंगाचं.
मासा निघाला, आणि मासा तसाच राहिला,
आधीपेक्षा गडद.
दोघी बघत बसलो.
मग तिनंच विचारलं, बाई, आतून लावता येईल?
आतून लावला. वरून साधं ठिगळ.
खिशात हात घालून तिनं डोळा शोधला,
सापडला असावा,
कारण हात बराच वेळ बाहेर आला नाही.

हे सांगताना मी काय केलंय तेही सांगून टाकते.
तेहतीस नव्हत्या. बुधवार नव्हता.
लोंढ्यांचं नाव लोंढे नाही, आणि मॅडम आगाशे नाहीत.
पुणं खरं आहे,
पण पुण्यात गेटं पुष्कळ.
तो खिसाही, कदाचित, खिसा नसेल.

लिहू का, म्हणून तिला विचारलं होतं.
ती हातशिलाईत होती, दोरा दातानं तोडला,
म्हणाली, लिहा.
मग दारापर्यंत जाऊन परत आली.
खरं काय होतं ते नका लिहू,
मासा लिहा.